पंधरा राष्ट्रपती आणि एक हळदीचा अंगठा

मित्रांनो, भिंतीवरच्या फोटोकडे सगळे बघतात, फ्रेमकडे कुणी बघत नाही. माझी तक्रार नाही, आमचं कामच तसं आहे. आपण कडेला राहायचं आणि मधल्या माणसाला दिसू द्यायचं. पण आज घटकाभर फोटो बाजूला ठेवा आणि माझ्याकडे बघा. मी सागवानाची फ्रेम आहे, जुनी म्हणण्यापेक्षा म्हातारीच म्हणा. वय विचाराल तर आपल्या प्रजासत्ताकाएवढं. नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक शाळा लागते, तिच्या मोठ्या वर्गात फळ्याच्या वर माझा खिळा आहे. तिथं बसून मी देशाचे सगळे राष्ट्रपती पाहिले. पाहिले कसले, पोटाशी धरले.

माझा जन्म नाशिकच्या भद्रकालीतल्या अमीरभाईंच्या दुकानात झाला. एका मोडलेल्या दाराचं सागाचं लाकूड त्यांच्याकडे पडून होतं, त्यातून त्यांनी मला घडवलं. साल १९५०. देशात राज्यघटना लागू झाली, डॉ. राजेंद्र प्रसाद पहिले राष्ट्रपती झाले, आणि शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांचा फोटो मढवायला दिला. अमीरभाई हळू हाताचे, पण काम चोख. फोटो, काच आणि मागची फळी बसायला फ्रेमला आतून खाच असते. ती त्यांनी चांगली बोटभर खोल कोरली.

"अहो, एका कागदासाठी एवढी खोल खाच?" हेडमास्तरांनी विचारलं.

"साहेब, राष्ट्रपती बदलत राहतील," अमीरभाई म्हणाले. "फ्रेम कशाला बदलायची?"

राजेंद्रबाबू बारा वर्षं राष्ट्रपती होते. इतकी वर्षं त्या पदावर दुसरं कुणी राहिलं नाही. १९६२ साली डॉ. राधाकृष्णन आले. होय, ज्यांच्या वाढदिवसाला तुम्ही शिक्षकदिन साजरा करता, तेच. शाळेच्या शिपायाने मला उतरवून भद्रकालीत नेलं आणि तो समोरच्या हॉटेलात चहाला बसला. इकडे अमीरभाईंनी माझी मागची फळी काढली. आता राजेंद्रबाबू रद्दीत जाणार, असं मला वाटलं. पण त्यांनी नवा फोटो काचेला लावला, त्याच्यामागे पातळ पुठ्ठा ठेवला, आणि त्याच्यामागे जुना फोटो होता तसा परत बसवला.

"खुर्ची सोडली म्हणून माणूस काय फेकून द्यायचा?" ते स्वतःशीच पुटपुटले आणि फळी ठोकून मोकळे झाले. शिपायाने पाहिलं नाही. शाळेत कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून आमच्या दुकानाची ही रीतच पडली. नवा पुढे, जुना मागे, मध्ये पुठ्ठा.

१९६७ साली डॉ. झाकीर हुसेन यांचा फोटो बसवताना अमीरभाईंनी काच पुन्हा पुन्हा पुसली. मुसलमान समाजातून राष्ट्रपती झालेले ते पहिले, आणि हाडाचे शिक्षक. दुर्दैवाने दोनच वर्षांत, पदावर असतानाच ते वारले. शाळेत मला हार घातला आणि मग मोठाच पेच पडला. उपराष्ट्रपती गिरी हे हंगामी राष्ट्रपती झाले होते. हंगामी राष्ट्रपतींचा फोटो लावायचा की नाही? मास्तरांच्या खोलीत दोन तट पडले. एक म्हणे लावा, एक म्हणे कशाला घाई. वाद रंगात आला तोवर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची म्हणून गिरींनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

"आता काय, सरन्यायाधीशांचा फोटो हुडकत फिरू?" ते म्हणाले. शेवटी गिरी निवडून आले, त्यांचा फोटो लागला आणि मास्तर मंडळी पुन्हा एकमेकांशी बोलायला लागली.

पुढे १९७७ साली फक्रुद्दीन अली अहमद हेही पदावर असतानाच वारले आणि जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. पण या खेपेला हेडमास्तर शहाणे झाले होते. "पक्का राष्ट्रपती होऊ द्या, मग बघू," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. त्या वर्षी नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. त्यांनी पंचवीस जुलैला शपथ घेतली, आणि तेव्हापासून आजवर प्रत्येक राष्ट्रपतीची शपथ पंचवीस जुलैलाच झालेली आहे. त्याचा मला त्रास असा की, माझी भद्रकालीची फेरी दर वेळी ऐन पावसाळ्यात यायची. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून मला सायकलला बांधायचे आणि माझा जीव मुठीत.

याच सुमाराला धोंडीराम गुरुजी शाळेत लागले. जवळच्या कॉलनीत राहणाऱ्या बौद्ध कुटुंबातले. आवाज खणखणीत, स्वभाव मिश्कील. नागरिकशास्त्र शिकवताना ते छडी माझ्याकडे रोखायचे. मारायला नव्हे हो, दाखवायला.

"पोरांनो, राष्ट्रपती म्हणजे राजा नव्हे. त्यांना आपण निवडून दिलेले लोक निवडतात. राजेंद्रबाबू गेले, राधाकृष्णन गेले, गिरी गेले. माणसं बदलली. मग सांगा बघू, काय नाही बदललं?"

"फ्रेम, गुरुजी!" सगळा वर्ग ओरडायचा.

मी फुगून दुप्पट व्हायचे. गुरुजी हसून म्हणायचे, "शाब्बास! पण उत्तर राज्यघटना असं होतं." दर वर्षी तोच प्रश्न, दर वर्षी तेच उत्तर. मला काही त्याचा कंटाळा आला नाही.

ग्यानी झैलसिंग आले, आर. व्यंकटरमण आले, डॉ. शंकरदयाळ शर्मा आले. आणि मग १९९७ सालचा तो जुलै उजाडला. त्याच्यासाठीच तर मी एवढं सगळं सांगत बसलेय.

के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले होते. दलित समाजातून त्या पदावर पोचलेले ते पहिले. "या खेपेला फ्रेम मी नेणार," असं गुरुजींनी शाळेत सांगून टाकलं. त्यांनी मेन रोडवरून नवा फोटो आणला. चकचकीत नव्हता, साध्या जाड कागदावर छापलेला होता. पाऊस लागला म्हणून मला आणि फोटोला घेऊन ते आधी घरी गेले. मला त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि फोटो पाटावर पसरला.

गुरुजींच्या पत्नी यशोदाबाई चुलीपाशी होत्या. भाजीला फोडणी देऊन तशाच उठून आल्या.

"हे कोण वो?"

"आपले नवे राष्ट्रपती."

"आपल्यासारख्याच घरातले?"

"आपल्यासारख्याच. केरळातल्या खेड्यातले. लहानपणी मैलोन् मैल पायी चालत शाळेला जायचे."

यशोदाबाई पाटाजवळ आल्या. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या वडिलांनी भावांना पाटी दिली आणि यांना शेळ्यांमागं धाडलं. रेशनच्या दुकानात त्या अंगठा द्यायच्या. गुरुजींनी घरी शिकवायचा खटाटोप केला, पण चार पोरांच्या रगाड्यात तो कुठला व्हायला! शाळेसमोरून जाताना मात्र त्या हमखास थांबायच्या. मी खिडकीतून कितीतरी वेळा पाहिलंय.

"मला धाडलं असतं शाळंत, तर?" त्यांनी विचारलं.

"तर आज तुझा फोटो मढवायला नेला असता," गुरुजी म्हणाले.

"चला, काहीतरीच तुमचं!" त्या खुदकन हसल्या. आणि खाली वाकून, हा माणूस खरंच आहे की काय ते बघावं तसा त्यांनी फोटोला अंगठा लावला. खांद्याशेजारच्या फिक्या जागेवर, चांगला दाबून. अंगठ्याला फोडणीचं तेल आणि हळद.

"अगं बाई! शाळेचा फोटो आहे तो!"

यशोदाबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या पदराने पुसायला गेल्या, पण गुरुजींनी त्यांचा हात धरला. "नको, पसरेल. राहू दे." कागदावर पिवळाधमक अंगठा उठला होता. विळीने कापल्याची त्यांच्या अंगठ्यावर आडवी जुनी खूण होती, तीसुद्धा त्यात उमटली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आम्हा दोघांना दुकानात पोचवलं आणि शाळा सुटल्यावर परत नेलं. हेडमास्तर म्हणाले, "अहो धोंडीराम, डाग पडलाय. दुसरा फोटो आणा."

"डाग नाही सर," गुरुजी म्हणाले. "आमच्या घरची सही आहे ती."

हेडमास्तरांना हसू आलं आणि तो फोटो तसाच लागला. पुढची पाच वर्षं गुरुजी वर्गात आले की आधी वर बघायचे, मग हजेरी घ्यायचे. समोरच्या खिडकीतल्या उजेडाने हळद हळूहळू विटत गेली. गुरुजींना जागा पाठ होती, म्हणून त्यांना ती शेवटपर्यंत दिसायची. मुलांना दिसत नव्हती.

२००२ साली डॉ. कलाम आले. मुलं इतकी खूश, की फोटो खाली उतरवून दाखवा म्हणून मागे लागली. तोवर अमीरभाई थकले होते, दुकानात त्यांचा नातू सलाउद्दीन बसायला लागला होता. त्याने आजोबांची रीत सोडली नाही. नारायणन मागे गेले, आणि त्यांच्याबरोबर यशोदाबाईंचा अंगठा माझ्या पोटात गेला. नंतर प्रतिभाताई पाटील आल्या, पहिल्या महिला राष्ट्रपती, त्याही शेजारच्या जळगावच्या. त्या वर्षी मुलींनी मला स्वतः हार केला. गुरुजी त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले. मग प्रणव मुखर्जी, मग रामनाथ कोविंद, आणि २०२२ साली द्रौपदी मुर्मू, आदिवासी समाजातून आलेल्या पहिल्या राष्ट्रपती. त्याही एके काळी शिक्षिका होत्या. असे हे पंधरा जण. माझं पोट सुटलं, मागची फळी फुगली, खिळा वाकला.

या जानेवारीत शाळेला रंग द्यायचं ठरलं. मुख्याध्यापिका संजना मॅडम तशा मायाळू आहेत, पण मुलांच्या जिवाला जपणाऱ्या. माझा वाकलेला खिळा बघून त्या म्हणाल्या, "ही एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात पडेल." त्यांनी सलाउद्दीनला फोन करून माप सांगितलं आणि फायबरची हलकी फ्रेम आणि नवा फोटो मागवला. गेणू शिपायाने मला उतरवलं.

"मॅडम, लय जड हाय वो ही! आत काय दगडं भरल्यात का?"

"सागाची आहे ना, म्हणून. व्हरांड्यात ठेव, भंगारवाला आला की देऊन टाक."

काय सांगू मित्रांनो, तोंड भिंतीकडे करून मला ठेवलं. एवढी वर्षं वर बसलेली मी, मोडक्या बाकाशेजारी खाली. खोटं कशाला बोलू, रडू आलं.

आणि नेमके त्याच दिवशी धोंडीराम गुरुजी शाळेत आले. केस पांढरे, हातात काठी. यशोदाबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. गुरुजी घर आवरून मुलाकडे, अश्विनकडे, पुण्याला कायमचे निघाले होते. व्हरांड्यातच त्यांनी मॅडमना गाठलं.

"जय भीम, बाई. एक मागणं आहे. आपल्या शाळेत नारायणन साहेबांचा फोटो होता. जुना. तो मिळाला तर मला पाहिजे." आणि त्यांनी अंगठ्याची सगळी हकीकत सांगितली.

"घरी तिचे फोटो आहेत हो," ते म्हणाले. "पण सगळे लग्नाकार्यातले, नटूनथटून काढलेले. चुलीपुढून उठून आलेली, हळदीच्या हाताची यशोदा माझ्याकडे कुठंच नाही. जायच्या आधी तेवढी मिळाली तर बरं."

संजना मॅडमचा आवाज मऊ झाला. "सर, मी सगळी कपाटं बघते. पण जुने फोटो कोण ठेवतं? रद्दीतच गेले असणार."

त्यांनी खरंच कपाटं धुंडाळली. गेणूने माळा बघितला. नकाशे निघाले, फुटका पृथ्वीचा गोल निघाला, फोटो नाही. गुरुजी रिक्षाची वाट बघत मोडक्या बाकावर बसले आणि टेकायला काही हवं म्हणून त्यांनी हात ठेवला तो माझ्यावर! अहो, माझ्या पाठीवर! अंगठा त्यांच्या हाताखाली वीतभरसुद्धा लांब नव्हता. मी आतून आकांत करत होते, अहो गुरुजी, इथं आहे, इथं! पण लाकडाला कुठला आलाय आवाज? आणि फाटकापाशी भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली.

त्याच्या हातगाडीमागून एक स्कूटर आत शिरली. नवी फ्रेम घेऊन सलाउद्दीन आला होता.

"सलाम गुरुजी! लई दिवसांनी!" असं म्हणत तो वळला आणि मला बघून थबकला. "अरे, ही खाली का?"

"भंगारात चाललीय," गेणू म्हणाला.

"दिमाग फिरला काय तुमचा? दादांच्या, आमच्या आजोबांच्या हातची आहे ही! मला वाटलं, दुसऱ्या भिंतीला नवीन फ्रेम पायजे असेल." मग तो मॅडमकडे वळला. "आणि आतले फोटो? ते तरी काढून घेतले ना?"

"आतले कुठले? एकच तर फोटो आहे."

"एक? मॅडम, एक पुढं. बाकीचे सगळे मागं बसलेत. आम्ही जुना कधी टाकलाच नाही."

गुरुजी काठी न घेताच उभे राहिले. "सलाउद्दीन, नारायणन साहेब?"

"असणारच, गुरुजी. जातील कुठं?"

भंगारवाल्याला गेणूने हातानेच थांबवलं. सलाउद्दीनने मला बाकावर पालथं घातलं, पक्कडीने खिळे उपटले आणि फळी उचलली. मागून उघडलं की सगळ्यांत जुना आधी निघतो. राजेंद्रबाबू निघाले. मग राधाकृष्णन. एकेक फोटो आणि एकेक पुठ्ठा. मुलं गोळा झाली, संजना मॅडम मोठ्याने नावं सांगत होत्या. शर्मांचा फोटो बाजूला झाला आणि सलाउद्दीनने पुढचा अलगद उचलून गुरुजींसमोर धरला.

नारायणन. गुरुजींनी चष्मा पुसला आणि खांद्याशेजारी बघितलं. कागद कोरा होता. पिवळी झाकसुद्धा नाही.

"गेला," ते म्हणाले. "रंग उडाला. सगळं उजेडानं खाल्लं." ते बाकाच्या कडेला बसले.

सलाउद्दीन फोटोच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. तो कागदाकडे बघतच राहिला. "गुरुजी," तो म्हणाला, "जरा इकडून बघा."

त्याने फोटो उलटा केला. तेल कागदातून आरपार गेलं होतं आणि हळदीला बरोबर घेऊन गेलं होतं. पाठीला कधी उजेड लागला नव्हता. तिथं पिवळा अंगठा होता, रेघ न् रेघ शाबूत, आणि मध्ये विळीची आडवी खूण.

गुरुजींनी त्याच्यावर हात ठेवला नाही. नुसता वर धरला. "यशोदे," एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. संजना मॅडमनी तोंड फिरवून डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, "सर, फोटो घेऊन जा. शाळेची काही हरकत नाही."

गुरुजींनी कागद अलगद मांडीवर ठेवला. मग त्यांना एकदम हसू फुटलं.

"न्यायलाच आलो होतो, बाई. पण बघा ना, जन्मभर हिला शाळेत यायचं होतं. आणि ही बया मला पत्ता लागू न देता इतकी वर्षं शाळेतच बसलीय! राजेंद्रबाबूंपासून सगळे हिच्या वर्गात. आता शाळेतून तिचं नाव काढायला मला नका लावू. राहू दे तिला इथंच."

मॅडमनी मोबाइलवर अंगठ्याचा फोटो काढून त्यांना पाठवला. सलाउद्दीनने सगळे फोटो होते त्या क्रमाने परत बसवले, फळी बदलली, भिंतीत मोठा हुक ठोकला. नव्या फ्रेमचं काय, म्हणाल? तिच्यात राज्यघटनेची उद्देशिका लावली आहे. ती गुरुजींनी सुचवली. जाता जाता त्यांनी मुलांना तो जुना प्रश्नही विचारला, आणि मुलं काय ओरडली ते मी माझ्या तोंडाने सांगत नाही.

मित्रांनो, जुनं झालेलं भिंतीवरून उतरवावं लागतं, मला मान्य आहे. घरात जागा थोडी असते. फक्त टाकायच्या आधी ते एकदा उलटं करून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा, ते कुणाचं आहे म्हणून विचारा.

आता २०२७ चा जुलै आला की सोळावा फोटो येईल. सलाउद्दीन म्हणतो, खाचेत अजून जागा आहे. पुढे कुणीही येवो, मागे एक विद्यार्थिनी आहे हे मला ठाऊक आहे. सकाळी वर्गात हजेरी सुरू होते, मुलं एकेक करून ओ देतात. शेवटचं नाव झालं की मी मनातल्या मनात आणखी एक नाव घेते, यशोदाबाई धोंडीराम, आणि मीच उत्तर देते, हजर.